७.९५ म्हणजे ए की बी प्लस?

प्रश्न डिचोलीहून आलाय. मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सत्राची गुणपत्रिका हातात पडली आणि तिच्यावर टक्के नाहीतच, तळाला फक्त 'एसजीपीए ७.९५', म्हणजे सत्राची ग्रेड पॉइंट सरासरी, एवढाच आकडा. वडिलांनी ओळखीच्या एका क्लार्कला विचारलं तर तो म्हणाला, 'बी प्लस.' शेजारचा इंजिनीअर मुलगा म्हणाला, 'काका, हा सरळ ए आहे.' मोबाइलवरच्या एका कॅल्क्युलेटरने ७५.५ टक्के दाखवले, दुसऱ्याने ७२. मुलीला चौथ्या वर्षी संशोधनाकडे वळायचंय, मावसभाऊ जर्मनीत असल्यामुळे तिकडचंही मनात आहे. यातला खरा आकडा कुठला, असं त्यांनी विचारलंय आणि सोबत गुणपत्रिकेच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवलेत.

मागच्या बाजूचा फोटो पाठवलात, हे फार बरं केलंत. फोंड्याच्या एका कॉलेजच्या परीक्षा विभागात मी बावीस वर्षं काढली. खिडकीवर येणारा जो तो पुढचीच बाजू दाखवायचा. उत्तर मात्र मागे असतं, बारीक अक्षरात, आणि झेरॉक्सवाल्याने पैसे वाचवायला नेमकी तीच बाजू सोडलेली असते.

क्लार्क आणि इंजिनीअर दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांच्या डोक्यात वेगळे तक्ते आहेत, एवढंच. पण तिथे जाण्याआधी मूळ गोष्ट सांगते, कारण बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. अक्षर मिळतं ते एका विषयाला. मुलीने पेपर लिहिला, गुण पडले, ते गुण ज्या पट्ट्यात बसले त्या पट्ट्याचं अक्षर तिला मिळालं. त्या अक्षराला एक ठरलेला पॉइंट असतो. त्या पॉइंटांची क्रेडिटनुसार, म्हणजे विषयाच्या ठरलेल्या वजनानुसार, सरासरी काढली की एसजीपीए. म्हणजे वाट अशी आहे: गुण, मग अक्षर, मग पॉइंट, मग सरासरी. या वाटेने पुढे जाता येतं, उलटं येता येत नाही. खोबऱ्याचं तेल घाण्यावर निघतं, तेलाचं पुन्हा खोबरं कोणी केलेलं मी पाहिलं नाही. सरासरीला पुन्हा अक्षर चिकटवणं किंवा तिचे टक्के करणं हा असाच उलटा प्रवास आहे. तो करावा लागतो, पण तो कोणी ठरवून दिलेल्या नियमाने करायचा असतो, गणिताने तो आपोआप होत नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागचा तक्ता असा आहे: ८५ आणि त्यावर ओ, म्हणजे १० पॉइंट. ७५ पासून ए प्लस, ९. ६५ पासून ए, ८. ५५ पासून बी प्लस, ७. ५० पासून बी, ६. ४५ पासून सी, ५. ४० पासून पी, ४. त्याखाली एफ, शून्य. यातली अक्षरं आणि पॉइंट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, दहा पॉइंटांच्या पद्धतीतले आहेत. देशातल्या बहुतेक विद्यापीठांनी तेच घेतले. पट्टे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे आहेत. यूजीसीने त्यात एकच लक्ष्मणरेषा आखली: बी साठी ५० च्या खाली आणि बी प्लससाठी ५५ च्या खाली येऊ नका. कारण उघड आहे. प्राध्यापकाच्या नोकरीसाठी पदव्युत्तर पदवीला खुल्या वर्गात ५५ टक्के आणि राखीव वर्गात ५० टक्के लागतात, आणि ती रेघ अक्षरांतही दिसायला हवी होती. 'सी नंतर एकदम पी, मग डी कुठे गेला?' असं दर जूनमध्ये एक तरी पालक विचारायचा. डी आहेच ना तो, फक्त त्याचं नाव पास ठेवलंय.

आता मुलीची गुणपत्रिका. एका क्रेडिटला २५ गुण, असा तुमच्याकडचा हिशेब आहे. अर्थशास्त्र, ४ क्रेडिट, १०० पैकी ७४: ए. भूगोल, ४ क्रेडिट, ६६: ए. तीन क्रेडिटच्या आंतरशाखीय पेपरात ७५ पैकी ६४, म्हणजे ८५ च्या किंचित वर: ओ. मराठी, २ क्रेडिट, ५० पैकी ३८: ए प्लस. कौशल्याचा ३ क्रेडिटचा विषय, ७५ पैकी ४४: बी प्लस. पर्यावरण, २ क्रेडिट, ५० पैकी ३२: बी प्लस. आणि शेवटचा दोन क्रेडिटचा मूल्यशिक्षणाचा पेपर, ५० पैकी २६: बी.

प्रत्येक पॉइंटाला त्या विषयाच्या क्रेडिटने गुणा. अर्थशास्त्र ८ गुणिले ४ म्हणजे ३२, भूगोल ३२, मग ३०, १८, २१, १४ आणि १२. बेरीज १५९. क्रेडिट एकूण २०. भागाकार ७.९५. कॉम्प्युटरने बरोबर काढलाय. अनेक जण इथे क्रेडिट विसरतात आणि सात विषयांचे पॉइंट नुसते मिळवून सातने भागतात. तसं केलं तर ७.८६ येतं, आणि मग माणूस अर्ज घेऊन येतो की गुणपत्रिकेत चूक आहे. चूक नसते. चार क्रेडिटचा विषय दोन क्रेडिटच्या विषयापेक्षा दुप्पट वजनाचा असतो, पारड्यांत नारळ आणि सुपारी एकेकच ठेवली तरी तागडी सारखी राहत नाही तसं.

सहा सत्रांची मिळून सरासरी, म्हणजे सीजीपीए, काढतानाही हेच: प्रत्येक सत्राचा एसजीपीए त्या सत्राच्या क्रेडिटने गुणायचा आणि सगळ्या क्रेडिटने भागायचा. सगळी सत्रं वीस-वीस क्रेडिटची असतील तर साधी सरासरीही तेच उत्तर देते. एखाद्या विषयात एफ आला तर सूत्राप्रमाणे पॉइंट शून्य पण क्रेडिट भाजकात तसेच राहतात. काही ठिकाणी तो विषय सुटेपर्यंत एसजीपीएच जाहीर करत नाहीत.

आता ए की बी प्लस? गंमत अशी की मुलीच्या एकाही विषयाला ७.९५ पॉइंट नाहीत, असू शकतही नाहीत. विषयाला ८ असतो किंवा ७. सरासरी मधे कुठेतरी पडते, आणि मधल्या आकड्याला अक्षर कसं द्यायचं याचे दोन रिवाज आहेत. एक रिवाज म्हणतो, ८ गाठलेस तरच ए. ७.९९ असला तरी बी प्लस. क्लार्क त्याच शाळेतला. दुसरा म्हणतो, जवळच्या अक्षराला जा. ७.५ पासून ८.४९ पर्यंत ए. इंजिनीअर पोरगा त्या शाळेतला. दोन्ही रिवाज आपल्याकडच्या विद्यापीठांत चालतात आणि दोन्ही छापील नियमावलीत असतात. तुमच्या फोटोत पट्ट्यांच्या खाली आणखी एक छोटा तक्ता आहे, 'अंतिम श्रेणी' असा मथळा असलेला. तो अर्धा कापला गेलाय. तोच पाहायचा. आणि तो पदवी संपल्यावर सीजीपीएला लागतो. पहिल्या सत्राच्या ७.९५ ला कोणी अधिकृतपणे अक्षर देत नाही. तेव्हा आत्ता यावर कुणाशी वाद घालू नका.

टक्क्यांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. मुलीचे खरे गुण मोजा: ५०० पैकी ३४४, म्हणजे ६८.८ टक्के. आता जी सूत्रं लोक मोबाइलवर वापरतात ती लावून बघू. दहाने गुणलं तर ७९.५. साडेनऊने गुणलं तर ७५.५. आधी ०.७५ वजा करून दहाने गुणलं तर ७२. आणि ७.१ ने गुणून ११ मिळवले तर ६७.४. एकाच मुलीच्या एकाच गुणपत्रिकेची ही चार उत्तरं आहेत, आणि सगळ्यांत वरच्या आणि खालच्यात बारा टक्क्यांचं अंतर.

प्रत्येक सूत्राला आपलं गाव आहे. साडेनऊ हे सीबीएसईच्या दहावीचं. २००९-१० मध्ये त्यांनी सातत्यपूर्ण मूल्यमापन आणलं, गुणांऐवजी ए वन, ए टू अशा श्रेण्या दिल्या. ए वन म्हणजे ९१ ते १००. मागच्या काही वर्षांत त्या पट्ट्यातल्या मुलांची सरासरी साधारण ९५ होती, म्हणून ९५ ला दहाने भागून ९.५ हा गुणक ठरवला. २०१८ पासून बोर्डाची परीक्षा परत आली आणि ती पद्धत गेली, पण तो साडेनऊ मागे राहिला, जत्रा संपल्यावर मंडपाचे बांबू राहतात तसा. ज्याचा दहावीच्या सीबीएसईशी काही संबंध नाही अशा पदवीलाही लोक तो लावतात. ०.७५ वजा करण्याचं सूत्र तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, तक्त्यातलं: ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.७५ म्हणजे ७०, ८.२५ म्हणजे ७५. ७.१ आणि ११ चं सूत्र मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगवाल्यांच्या तोंडी असतं. गोव्यातली कितीतरी मुलं तिकडे शिकतात, म्हणून ते इथेही फिरतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत तेच खऱ्या आकड्याच्या सगळ्यात जवळ आलं, पण तो निव्वळ योगायोग. त्यावरून ते 'बरोबर सूत्र' ठरत नाही.

एक गणित मी आवर्जून करून पाहिलं. मुलीची सातही अक्षरं अगदी हीच ठेवायची, म्हणजे एसजीपीए ७.९५ च राहील, आणि प्रत्येक विषयात त्या पट्ट्यातले सगळ्यात कमी गुण घ्यायचे. एकूण येतात ३२७, म्हणजे ६५.४ टक्के. मग सगळ्यात जास्त घ्यायचे: ३७२, ७४.४ टक्के. याच अक्षरांची मुलगी या दोन टोकांच्या मधे कुठेही असू शकते. आणि दहाने किंवा साडेनऊने गुणून जे आकडे आले, ७९.५ आणि ७५.५, ते या टोकांच्या बाहेरच पडतात. म्हणजे या तक्त्याखाली, या अक्षरांसह, तेवढे टक्के पडणं शक्यच नाही. कॅल्क्युलेटरला तुमचा तक्ता माहीत नसतो, त्याला फक्त गुणाकार येतो.

अक्षरं किती गिळतात याचं याहून साधं उदाहरण हवं असेल तर दोन भावंडं घ्या. एकाला सगळ्या विषयांत ८४. सगळे ए प्लस, सीजीपीए ९.००. दुसऱ्याला अर्ध्या विषयांत ८५ आणि अर्ध्यांत ७५. अर्धे ओ, अर्धे ए प्लस, सीजीपीए ९.५०. सरासरी गुण पहिल्याचे ८४, दुसऱ्याचे ८०. कमी गुणवाला वर. घरात यावरून भांडण झालेलं मी पाहिलंय, आणि आई पहिल्याच्या बाजूने होती.

हे सगळं वाचून 'मग काय फरक पडतो' असं वाटत असेल तर चौथ्या वर्षाकडे या. यूजीसीने डिसेंबर २०२२ मध्ये जो पदवीचा आराखडा काढला, त्यात तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची आणि चार वर्षांची १६० ची आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. विद्यापीठ जर हे 'सीजीपीए ७.५' असं वाचत असेल तर मुलगी आजच्या घडीला पार आहे. 'गुणांचे ७५ टक्के' असं वाचत असेल तर ती सहा टक्क्यांनी मागे आहे. मुलगी तीच, गुण तेच, पण एका वाचनात दार उघडं आणि दुसऱ्यात बंद. म्हणून तिच्या विद्यापीठाचा अध्यादेश आत्ताच उघडून ते वाक्य शोधा, पाचव्या सत्रात नको. 'समकक्ष श्रेणी' असा शब्द असेल तर कुठल्या तक्त्याने समकक्ष, हे परीक्षा नियंत्रकांच्या कार्यालयात लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका. तोंडी उत्तरं मीच दिलेली आहेत, म्हणून सांगते.

५५ टक्क्यांचा घोळ याच जातीचा. प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेसाठी, म्हणजे नेटसाठी, पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, म्हणून मुलं समजतात की ५.५ सीजीपीए पुरे. वरच्या तक्त्यात ५.५ हा सी आणि बी च्या मधे आहे, म्हणजे गुण ४५ ते ५४ च्या घरातले. ५५ गुणांचा पॉइंट ७ आहे. दहा पॉइंटांची पद्धत दिसली की डोळे तिच्याकडे १०० चा दहावा भाग म्हणून बघतात. ती तशी नाही, पट्टे सारख्या रुंदीचे नाहीत. ओ पंधरा गुणांचा, ए दहाचा, बी पाचाचा.

माझी चूक सांगते. काणकोणचा एक मुलगा होता, पदवीचा सीजीपीए ६.५. एका नोकरीच्या ऑनलाइन फॉर्मवर टक्के भरायचे होते, किमान ६०. शेवटचा दिवस, बाहेर पाऊस, लाइट जाऊन येऊन. त्याने खिडकीवर विचारलं, मी साडेनऊने गुणून ६१.७५ सांगितले. त्या वेळी मलाही तोच गुणक सर्वांचा वाटायचा. लेखी परीक्षेत तो पास झाला. कागदपत्रं तपासायच्या दिवशी पहाटेच्या कदंबा बसने पणजीला गेला, आणि तिथे विद्यापीठाचं अधिकृत रूपांतरपत्र मागितलं गेलं. त्यात ५७.५ आले. नाव कापलं. मला त्याने काही बोललं नाही, पुढच्या आठवड्यात येऊन फक्त ते पत्र दाखवलं. त्यानंतर मी कुणालाही गुणाकार करून दिला नाही. फॉर्मवर टक्के भरायचे असतील तर आधी विद्यापीठाकडून रूपांतराचं पत्र काढा, मग आकडा भरा. फॉर्ममध्ये सीजीपीए भरायची सोय असेल तर सीजीपीएच भरा आणि 'कमाल १०' निवडा.

आता शेजारच्या इंजिनीअरचं. त्याला दोष देऊ नका, पण अक्षरं संस्थागणिक बदलतात हे त्यालाही कुणी सांगितलं नसेल. बिट्स पिलानीचा जो कॅम्पस आपल्याकडे झुआरीनगरला आहे तिथे ए म्हणजे १०, ए मायनस ९, बी ८, बी मायनस ७, सी ६, सी मायनस ५, डी ४, आणि ई चे २. तिथला बी यूजीसीच्या ए एवढा. आयआयटी मुंबईत अक्षरं जोडीने येतात: एए १०, एबी ९, बीबी ८, बीसी ७, असं खाली डीडी ४ पर्यंत. आणि गंमत बघा, यूजीसीच्या तक्त्यात 'एबी' म्हणजे गैरहजर, शून्य पॉइंट. एका स्थळाच्या बोलणीत आयआयटीवाल्या मुलाची गुणपत्रिका बघून मुलीचे मामा म्हणाले होते, 'हा परीक्षेला जातच नव्हता की काय?' मी त्या घरात जेवायला होते, म्हणून लग्न जमलं असं अजून म्हणते.

या संस्थांत आणखी एक फरक आहे. तिथे पट्टे बहुधा आधी छापलेले नसतात. वर्गाचे गुण कसे पसरलेत ते बघून शिक्षक रेघा मारतात. पेपर अवघड गेला आणि वर्गात सर्वांत वरचे ६२ असले तरी त्या ६२ ला ए मिळू शकतो. याला सापेक्ष पद्धत म्हणतात. तिथे अक्षरावरून गुण सांगणं तर आणखीच अशक्य. तुमच्या मुलीचा तक्ता निरपेक्ष आहे, वर्गात कोण बसलंय याचा त्याच्याशी संबंध नाही.

परदेशाच्या फॉर्मकडे येऊ. अमेरिकेत चारची पट्टी. ए ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०, बी मायनस २.७, असं उतरत सी २.० आणि डी १.०. मास्टर्सला बऱ्याच ठिकाणी ३.० मागतात, म्हणजे सरासरी बी. ७.९५ ला दहाने भागून चारने गुणलं तर ३.१८ येतात, आणि लोक ते लिहून मोकळे होतात. पण वरचं टोक जुळलं तरी खालचं जुळत नाही: आपला पी ४ चा, तो या हिशेबाने १.६ होतो, त्यांचा पास होणारा डी १.० चा. दुसरी अडचण पट्ट्यांची. तिकडे साधारण ९० च्या वर ए, ८० च्या वर बी, ७० च्या वर सी, ६० च्या वर डी. आपल्या मुलीचे भूगोलातले ६६ अमेरिकन डोळ्यांना डी दिसतात, आणि शेजारी छापलेला ए बघून तो माणूस गोंधळतो. मागची बाजू ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे सगळ्या सत्रांच्या अधिकृत गुणपत्रकाला, जोडायची ती यासाठीच. एक जुनी गोष्ट वाचली होती: १८९७ मध्ये माउंट होल्योक कॉलेजने ए ते ई अक्षरं लावली तेव्हा ७५ च्या खालचा सरळ नापास होता. तिथून आलेल्या अक्षरांत आपले ६६ बसवायचे म्हटल्यावर ओढाताण होणारच. बहुतेक अमेरिकन विद्यापीठं स्वतःच लिहितात की रूपांतर करू नका, तुमच्या पट्टीवरचा आकडा आणि पट्टी द्या. तसं लिहिलं असेल तर ७.९५, १० पैकी, एवढंच. जिथे मूल्यांकन संस्थेकडून अहवाल मागतात तिथे ती संस्था विषयवार अक्षरं बघून स्वतःचं जीपीए काढते, तुमचा गुणाकार तिच्या कामाचा नसतो.

जर्मनीत सगळं उलटं. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. तिथे एक सूत्र वापरतात, सुधारित बव्हेरियन नावाचं: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, कमाल वजा किमान-पासने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. मुलीसाठी १० वजा ७.९५ म्हणजे २.०५. १० वजा ४ म्हणजे ६. उत्तर साधारण २.०. छान. पण हेच टक्क्यांवर केलं, कमाल १००, पास ४०, गुण ६८.८, तर उत्तर २.६ च्या आसपास. आणि तिकडच्या बऱ्याच मास्टर्सना २.५ ची अट असते. एका कागदावर ती आत, दुसऱ्यावर बाहेर. इथेही किमान-पास कुठला धरला यावर सगळं फिरतं. कोणी चुकून ४ ऐवजी ५ धरला तर २.० चे २.२ होतात. म्हणून ट्रान्सक्रिप्टवर 'उत्तीर्ण होण्यासाठी किमान ४ पॉइंट' हे वाक्य छापलेलं आहे ना, ते बघून घ्या. नसेल तर कार्यालयाकडून वेगळं पत्र घ्या, पुढे हजार प्रश्न वाचतात.

इंग्लंडचं थोडक्यात: ७० च्या वर फर्स्ट, ६० ते ६९ अप्पर सेकंड. आपल्याकडून काय लागेल ते प्रत्येक विद्यापीठ भारतासाठीच्या वेगळ्या पानावर लिहितं, तेच प्रमाण. पोर्तुगालची पट्टी २० ची, १० ला पास, १४ म्हणजे 'चांगला', १८ च्या वर 'उत्कृष्ट'. आमच्या एका थोरल्या काकांचा पोर्तुगीज काळातला दाखला घरात होता, त्यावर १४. नंतरच्या पिढीने तो बघून 'शंभरात चौदा? मग एवढा मान कसला?' म्हणून खूप हसून घेतलं. काका मात्र शेवटपर्यंत ते १४ अभिमानाने सांगत राहिले, आणि त्यांचंच बरोबर होतं.

तुमच्या प्रश्नात नव्हती, पण फोटो बघताना डोळ्याला लागली अशी एक गोष्ट सांगायची राहिली. पर्यावरणात ५० पैकी ३२ आहेत, म्हणजे ६४ टक्के. एक गुण वाढला तर ३३, ६६ टक्के, आणि अक्षर बी प्लसचं ए होईल. दोन क्रेडिटचे दोन पॉइंट वाढून बेरीज १५९ ची १६१, आणि एसजीपीए ७.९५ चा ८.०५. मग कुठल्याही रिवाजाने ती ए च्या वर. टक्के मात्र ६८.८ चे ६९ फक्त. आयएसएच्या, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत परीक्षांच्या, गुणांची बेरीज वर्गशिक्षकांकडच्या वहीशी आणि सत्रान्त पेपरच्या गुणांशी जुळवून बघा. आणि निकाल लागल्यापासून फेरतपासणीची मुदत मोजक्याच दिवसांची असते, तेव्हा सोमवारीच खिडकीवर जा.